घरच्या घरी घडलेले गाणे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आज आपण परीक्षांत चमकलेल्या मुलामुलींचा गौरव केला, तो यथायोग्यच झाला. परंतु ज्या मुलाला गाणे सुचते त्याचे आपण काय करितो? ह्या प्रश्नाच्या निमित्ताने गोमंतकातील एका गायकाची हकीकत आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

श्री. रेमो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीस झाला. बार्देशातील शिवोली हे त्यांचे मूळ गाव. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. एकीकडे गोव्याची लोकगीते, दुसरीकडे पश्चिमेचे रॉक संगीत, अशा दुहेरी संस्कारांतून त्यांचे गाणे घडले. पालकांनी हे ध्यानी घ्यावे, की त्यांनी शिक्षण सोडले नाही. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. पुढे १९७७ ते १९८० पर्यंत युरोप व उत्तर आफ्रिकेत गात हिंडून ते गोव्यास परतले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते विशेष होय. कोणा कंपनीची वाट न पाहता त्यांनी घरातच ध्वनिमुद्रण केले. गीत, चाल, वादन, गायन सर्व स्वतःचे! १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट निघाली, आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवरून त्यांनी ती स्वतः दुकानोदुकानी पोहोचविली. वास्तुशास्त्राच्या पदवीधरास ह्यात कमीपणा वाटला नाही. १९८६ साली अमली पदार्थांविरुद्ध ‘पॅक दॅट स्मॅक’ ही कॅसेट त्यांनी काढली.

कोणी विचारील, बहुतांशी इंग्रजीत गाणारा हा गायक प्रादेशिक कसा? आमच्या मते गाण्यातील सुखदुःख कोणत्या गावचे हे पाहावे. १९८६ साली पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता, त्यांच्या स्वागतसमारंभात रेमो यांनी गोवेकरांच्या अडचणी गाण्यातून त्यांच्या समक्ष मांडल्या. वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. अखेर पंतप्रधानांनीच अभिनंदनाचे पत्र पाठविले आणि वाद शमला. नम्रता न सोडता खरे बोलणे ह्यास धैर्य लागते, हे आम्ही वर्गात मुलांना सांगत आलो. येथे त्याचे उदाहरण आहे.

पुढे ‘जलवा’ (१९८७), ‘बॉम्बे’ (१९९५) अशा चित्रपटांतील गाण्यांनी त्यांचे नाव देशभर झाले. २००७ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. मात्र पहिल्या कॅसेटपासून ह्या सन्मानापर्यंत तेवीस वर्षे लोटली. त्या आरंभीच्या दिवसांत गायकास धीर दिला तो कॅसेट विकत घेणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाने.

आमची विनंती एवढीच. मुलांनी शिक्षण अवश्य पुरे करावे. परंतु त्यांची कला हा वाया गेलेला वेळ समजू नये. पुढील संमेलनात अर्धा तास मुलांच्या स्वरचित गीतांस द्यावा, आणि त्या वेळी मोठ्या माणसांनी भोजनाच्या पंक्तीकडे न वळता समोर बसून ऐकावे. सत्कार करण्यास पुढे पुष्कळजण येतील. पहिले श्रोते आपण व्हावे.