तुटलेला धागा, थांबलेला माग



यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर कापडात लांबच लांब दोष उतरतो. इचलकरंजीच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जपानच्या साकिची तोयोदांनी या तुटणाऱ्या धाग्यापायी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. १९२४ साली तयार झालेल्या त्यांच्या मागात ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. कांडी संपत आली की मात्र न थांबता धोटा बदलला जाई. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे यंत्रालाच कळू लागलं. एकेका कामगाराला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले आणि तोयोदांच्या मागांच्या कारखान्यात १९३३ साली मोटारींचा विभाग निघाला. त्याचीच पुढे टोयोटा कंपनी झाली.

टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगाराच्या हाताशी दोरी आली. काही चुकलं की ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि तेवढ्यात अडचण सुटली नाही तर लाइन उभी राहते. रोजचं उत्पादन आणि नवी सुधारणा यांची गाठ पडते ती या थांबलेल्या मिनिटांत, असं मला मनापासून वाटतं.

मी ज्या कारखान्यात उमेदवारी केली, तिथे लेथवरचे एक काका प्रत्येक जॉब डायल लावून मध्यात आणत. कंटाळून त्यांनी भंगारातल्या पट्टीचा एक स्टॉपर बनवला. जॉब त्याला टेकवला की झालं! सुपरवायझरनी तो काढायला लावला. ड्रॉइंगमध्ये नाही, आणि संध्याकाळी गाडी भरायची होती. काकांनी स्टॉपर पुसून, फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. पुन्हा त्यांनी काही सुचवलं नाही. सुपरवायझरचं मी चुकीचं म्हणणार नाही. त्यांना टार्गेट होतं. पण तो स्टॉपर तपासून बघायला त्या कारखान्यात कुणाकडे वेळच नेमून दिलेला नव्हता. चूक होती ती तिथे.

कारखानदार बंधुभगिनींनो, आठवड्यातून एका शिफ्टमधला अर्धा तास मोकळा ठेवा. त्या वेळेचं उत्पादन टार्गेटमधून आधीच वजा करा. आणि मशीनवरच्या माणसाला विचारा, तुमच्या ड्रॉवरमध्ये काय आहे?