सावलीचं झाड लावताना

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. अशा थंड हवेत सिल्व्हर ओक झपाट्यानं वाढतो; कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तोच लावतात. अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीत मात्र करंज आणि कडुनिंब भरवशाचे. गुलमोहर लवकर वाढतो, पण वादळात फांद्या मोडतात.

मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून तापू द्या. मग शेणखत आणि माती मिसळून भरा. मृगाचा चांगला पाऊस झाला, की रोप लावा. जागा घरापासून पंधरा-वीस फुटांवर, पश्चिमेला निवडा. दुपारचं ऊन अडेल. बुडाशी पालापाचोळा पसरा, म्हणजे जमीन भेगाळणार नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका. यंदा अंगणात एक झाड लावाच!