खाली गाडीचा धंदा

(शिरूर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं, उद्या मधुमेहावर डॉक्टर बोलणार आहेत, आणि मधल्या दिवशी आयोजकांनी बिल्टी आणि दलाली ठेवली आहे. त्यांच्या धाडसाचं कौतुक करतो. पण मागच्या रांगांत बसलेली तरुण मुलं पाहिली की विषय चुकलेला नाही हे कळतं. त्यातल्या काहींनी आल्याआल्याच विचारलं, "ट्रान्सपोर्टचं काम सुरू करायचंय, गाडी घ्यायला पैसे नाहीत. नुसता एजंट म्हणून बसायचं तर पहिलं गिऱ्हाईक आणायचं कुठून?"

बहुतेकजण यावर कंपनीचं गेट दाखवतात. रांजणगावला जा, व्हिजिटिंग कार्ड द्या, परचेसवाल्याला भेटा. माझं म्हणणं उलट आहे. भाड्याच्या धंद्यात पहिलं गिऱ्हाईक मालवाला नसतो, गाडीवाला असतो. तो हातात नसेल तर मालवाल्याला काय विकणार? गाडी तुमची नाही, माल तुमचा नाही. तुमच्याकडे एवढीच माहिती असते की अमुक गाडी उद्या अमुक ठिकाणी खाली होतेय आणि तिला अमुक दिशेला जायचंय. ही माहिती गाडीवाल्याकडूनच मिळते.

आपला मुलूख या कामाला फार सोयीचा आहे. शिरूरला रेल्वे नाही; सगळा माल रस्त्यानेच. दौंडचं उलट. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून त्या गावाची ओळख जंक्शन म्हणूनच आहे. नगर रस्त्याला सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर आणि रांजणगावची एमआयडीसी. एलजी, व्हर्लपूल, हायर, फियाट, बेकार्ट अशी नावं एकाच पट्ट्यात. तिकडे सोलापूर रस्त्याला कुरकुंभची रासायनिक वसाहत, पाटसचा साखर कारखाना, केडगाव-चौफुल्याच्या भागातली गुऱ्हाळं, कांदा. या दोन हायवेंना जोडणारा शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता पन्नासएक किलोमीटरचा. गंमत अशी की इकडच्या ट्रान्सपोर्टवाल्याला तिकडचा माल फारसा माहीत नसतो, आणि तिकडच्याला इकडची खाली गाडी. या पन्नास किलोमीटरात तुमची जागा आहे.

आता खाली गाडीचा हिशेब बघा. तमिळनाडूतल्या नामक्कलची एक गाडी माल घेऊन रांजणगावला येते. उतरवून झालं की ड्रायव्हर ढाब्यावर गाडी लावतो आणि फोन सुरू करतो. गाडी उभी असली तरी हप्ता चालू, ड्रायव्हरचा भत्ता चालू, विमा चालू. रिकामी परत गेली तर डिझेल आणि टोल अंगावर. म्हणून परतीच्या भाड्याला तो चार पैसे कमी घेतो. ह्या कमी भावावरच दलालाचं पोट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण भाव हा त्याचा एकच प्रश्न नसतो. तो विचारतो, भरती किती वाजता संपेल? ॲडव्हान्स किती आणि कधी? बाकी कोण देणार, पोच कुणाकडे द्यायची? या प्रश्नांची खरी उत्तरं देणारा माणूस त्याला हवा असतो, आणि असे फार नसतात. "दोन तासात भरून देतो" म्हणून बोलावलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभी ठेवली, हॉल्टिंगचं, म्हणजे थांबण्याच्या पैशांचं, नाव काढलं तर फोन उचलला नाही, की ती गाडी गेली ती गेलीच. जाताना दहा गाड्यांना सांगून जाते.

तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे कंपन्यांच्या दारात न जाता ढाब्यांवर, पार्किंगमध्ये, वजनकाट्यावर काढा. एक वही करा. गाडीचा नंबर, मालकाचा फोन, किती फुटी, बॉडी उघडी की कंटेनर, पासिंग किती टनाचं, मालकाचं गाव कुठलं, महिन्यातून किती वेळा इकडे येतो. गाव लिहायला विसरू नका. राजस्थानचा मालक होळी-दिवाळीला गाडी घराकडे वळवतो. त्या दिवसांत त्या दिशेचं भाडं तो पडत्या भावात घेईल, उलट दिशेचं दुप्पट दिलं तरी घेणार नाही. ही अक्कल गाड्या जुळवणाऱ्या ॲपमध्ये मिळत नाही. ॲप आली तेव्हा दलाल संपले असं बोललं गेलं. ब्लॅकबकसारखी कंपनी २०१५ पासून आहे, तिचा उपयोगही होतो, जरूर वापरा. पण गाडी आतून कशी आहे, हे ॲप बघत नाही.

हे जरा नीट सांगतो. समजा गूळ भरायचाय. गुळाला वास लागतो आणि ओल तर लगेच लागते. गाडी आली की आधी विचारा, मागच्या खेपेला काय होतं? कुरकुंभहून केमिकलचे ड्रम नेलेले असतील तर ती गाडी गुळाला, साखरेला नको. धुतली म्हणाला तरी नको. मग हौद्यात चढा. फळीचे खिळे वर आलेत का, हात फिरवून बघा. एक खिळा पोतं फाडतो आणि मग गाडी हलेल तशी साखर वाटभर सांडते. त्यानंतर ताडपत्री टाकायला सांगा आणि भर दुपारी आत उभं राहून वर बघा. भोकं असतील तिथे उजेडाचे ठिपके दिसतात. बाहेरून ताडपत्री नवी दिसते, आतून खरं कळतं. पार्टीला, म्हणजे मालवाल्याला, या दहा मिनिटांचा पत्ताही लागत नाही. पण तुमचा माल कोरडा पोचतो आणि दुसऱ्याचा भिजून पोचतो, एवढं तिच्या ध्यानात राहतं.

हाताशी वीस-पंचवीस भरवशाच्या गाड्या आल्या की मग मालाकडे वळायचं. इथेही सरळ मोठ्या कंपनीच्या गेटवर जाऊ नका. तिथे वर्षाचे करार असतात, टेंडर असतं, जीपीएस पाहिजे, स्वतःच्या गाड्या किती ते विचारतात. तुमचा अर्ज फायलीत जाऊन बसतो. पण त्या कंपनीचं काम ज्या मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे आहे, त्याला महिनाअखेरीला गाड्या कमी पडतात. कारखान्यांचा विक्रीचा आकडा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पुरा करायचा असतो, म्हणून डिस्पॅच तेव्हाच तुंबतं. फ्रीज-एसीचा माल उन्हाळ्याआधी आणि दिवाळीआधी जास्त निघतो. त्यात ऊसतोड सुरू झाली की भीमा-पाटस, दौंड शुगर असे कारखाने आसपासची वाहनं ओढून घेतात. अशा दिवसांत मोठा ट्रान्सपोर्टर मार्केटची गाडी शोधतो. ज्याला तुम्ही प्रतिस्पर्धी समजत होतात, तो मालाच्या बाजूचं पहिलं गिऱ्हाईक होतो. बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, त्याची, पैसे त्याचे, तुम्हाला दलाली. कमी मिळते, पण काम शिकायला मिळतं आणि पैसा अडकत नाही.

त्यानंतर छोटे कारखाने. सणसवाडीच्या आतल्या गल्ल्यांत पुठ्ठ्याचे खोके करणारे, पत्र्याचे भाग दाबणारे, प्लॅस्टिकवाले. यांचा माल रोज नसतो, कधी अर्धी गाडी, कधी छोटा हत्ती पुरतो. मोठा ट्रान्सपोर्टर यांना दाद देत नाही. इथे मालकापेक्षा डिस्पॅच बघणाऱ्या माणसाला भेटा, आणि महिन्याच्या मध्यावर भेटा. अठ्ठावीस तारखेला गेलात तर तो हातातली फाइल फेकून मारेल. त्याला भाव विचारू नका. मागच्या महिन्यात कुठल्या गाडीने डोकं फिरवलं ते विचारा. तो बोलायला लागला की तुमचं काम आपोआप कळतं.

भाव सांगताना एक सवय लावून घ्या. "पंचवीस हजार" एवढंच कधी म्हणू नका. भरण्याची हमाली कुणाची, उतरवण्याची वाराई कुणाची, उभं राहिलं तर दिवसाचं हॉल्टिंग किती, सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. या धंद्यातली निम्मी भांडणं वाराईवरून होतात, आणि ती फोनवर होतात, गाडी तिकडे गोदामासमोर उभी असताना. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, हमालांच्या टोळ्या आहेत, त्यांचे दर ठरलेले असतात. तो खर्च खरा आहे. तो कुणाच्या खिशातून जाणार एवढंच आधी ठरवायचं असतं.

आता पैसा. गाडीवाल्याला भरतीच्या वेळी ऐंशी-नव्वद टक्के ॲडव्हान्स लागतो, बाकी पोच आल्यावर. पार्टी मात्र बिल घेऊन महिना-दीड महिन्याने पैसे देते. समजा पार्टीचं भाडं चाळीस हजार, गाडी सदतीस हजारांत ठरवली, ॲडव्हान्स तेहतीस हजार दिला. महिन्याला अशा दहा गाड्या केल्या आणि पार्टी पंचेचाळीस दिवसांनी देते. म्हणजे कायम पंधरा गाड्यांचे पैसे बाहेर, पाच लाखांच्या घरात. कमाई महिन्याला तीस हजार, त्यातून फोन, पेट्रोल, बुडीत. गाडी नको म्हणून हा धंदा निवडला आणि नकळत सावकारी करून बसलात! यात अनेक चांगली पोरं बुडाली. कामात कमी पडली नव्हती, उधारीत गेली. म्हणून पहिलं वर्ष शक्यतो असं काम घ्या जिथे पार्टी ॲडव्हान्स थेट गाडीवाल्याला देते, किंवा भाडं ‘टू पे’ आहे, म्हणजे माल घेणारा देतो. उधारीवर चार हजार मिळत असतील आणि रोखीवर दोन, तर दोन घ्या.

कायद्याबद्दल थोडं, कारण ते कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९३ प्रमाणे मालवाहतुकीचा एजंट म्हणून काम करायला परवाना लागतो. आणि रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा, जो १ मार्च २०११ पासून लागू झाला, त्यात ‘वाहक’ म्हणून एजंट आणि ब्रोकरही धरले आहेत. जुना कायदा १८६५ चा होता, इंग्रजांच्या काळातला. तुम्ही स्वतःच्या नावाने बिल्टी फाडली की मालाची जबाबदारी तुमची. मालवाल्याने जास्त जोखमीचा दर द्यायचं आधी स्पष्ट कबूल केलं नसेल, तर ही जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत. तीस हजारांच्या भाड्याला तीन लाख. गाडीत माल वीस लाखांचा असू शकतो. तेव्हा ट्रान्झिट विमा मालवाल्याने काढलाय का, हे आधी विचारा. या कायद्याखाली तुमची नोंदणी होईपर्यंत नोंदणी असलेल्या ट्रान्सपोर्टरच्या बिल्टीवरच काम करा. अमेरिकेत दलालाला पंचाहत्तर हजार डॉलरची हमी भरावी लागते, २०१३ पासून. आपल्याकडे एवढी मोठी हमी नाही, त्यामुळे तुमची खरी हमी म्हणजे तुमचा उचललेला फोन.

मालासोबत जाणाऱ्या ई-वे बिलाच्या दुसऱ्या भागात गाडीचा नंबर असतो. तो गाडीच्या पाटीशी स्वतः ताडून बघा, एक आकडा चुकला तरी गाडी वाटेत अडकू शकते. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मुदत असते. दिल्ली चौदाशे किलोमीटर धरली तर सात दिवस. गाडी वाटेत मोडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर नवा नंबर आधी चढवायचा, मग चाक हलवायचं.

वेळ सांगताना आपल्या पंचांगाचाही उपयोग आहे. १ जानेवारीला कोरेगाव भीमा-पेरण्याची गर्दी असते, नगर रस्त्याची वाहतूक वळवतात. आषाढी वारीला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने यवत, वरवंड करत जाते, तेव्हा तिकडची भरती एक दिवस आधी काढायची नाहीतर दोन दिवस नंतर. चेन्नईच्या पार्टीला हे माहीत नसतं. तुम्ही आधीच सांगितलंत की ती पुढच्या वेळी तारीख तुम्हालाच विचारते.

शेवटी एकाने चिठ्ठी पाठवली आहे, "ऑफिस शिरूरला टाकावं की दौंडला?" दोन्हीकडे नको. न्हावऱ्याला एक टेबल मांडा, नाहीतर चौफुल्याला. भाडं कमी लागेल, आणि रांजणगावला खाली झालेल्या गाडीला केडगावच्या गुळाचा निरोप द्यायला तिथून दोन्ही रस्ते हाताशी आहेत. पण त्या टेबलाचीही पहिले सहा महिने गरज नाही. वही आणि मोटारसायकल पुरते. आता प्रश्न घेऊ या.