मांजरीनं आणलेला जिवंत उंदीर



पावसाळा लागला की नागपुरात मांजर पाळणाऱ्या घरांतून रात्रीबेरात्री एकच ओरड ऐकू येते, "उंदीर आणला, उंदीर! जिवंत आहे!" मग कुणी दिवाणावर चढतं, कुणी झाडू शोधतं, झोपलेली पोरं टक्क जागी होतात. मांजर मात्र तोंडातला ऐवज फरशीवर ठेवते आणि एक पाऊल मागे सरते. तेवढ्यात उंदीर आलमारीखाली पसार. सकाळी शेजारी विचारतात, "काय जी, काल काय झालं होतं तुमच्याकडे?"

असं दोन-चारदा झालं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोत्यात घाला तिला अन् सोडून या कळमन्याकडे." आमच्या महाल वस्तीत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि अशी पोत्यातून गेलेली मांजरं पाहिलीही आहेत. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, या समजापायी तिला कुणी मारत नाही. सोडून येतात. सोडलेली मांजर कळमन्याच्या अनोळखी बाजारात कुत्र्यांच्या तावडीत सापडते, ट्रकखाली येते, नाहीतर उपाशी राहते. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो कायदा १९६० सालचा आहे. पण मी कायदा सांगायला आलेली नाही. मला त्या मांजरीच्या बाजूनं बोलायचं आहे. उंदीर धरणं तिच्या रक्तात आहे. तो घरात आल्यावर बाहेर काढणं आणि पुढं त्याचं येणं कमी करणं हे काम आपलं, आणि ते आपल्याला जमतं.

मारून का आणत नाही ही, असं सगळेच विचारतात. पॉल लायहाउझेन नावाच्या जर्मन अभ्यासकानं मांजरींच्या शिकारीचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. दबा धरणं, झडप घालणं, मानेला चावा घेऊन मारणं आणि खाणं या मांजरीच्या अंगातल्या सुट्या सुट्या ऊर्मी आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. पोट भरलेलं असलं तरी काही हललं की झडप घातली जाते. पकडलेला उंदीर मारलाच जाईल, आणि मारलेला खाल्लाच जाईल, असं काही नसतं. त्यातही मानेचा तो नेमका चावा शिकण्याचा भाग मोठा असतो. पिलांची आई आधी मेलेला उंदीर आणून टाकते, मग अर्धमेला, मग जिवंत, आणि बाजूला बसून पाहते. आपण बहुतेक वेळा महिन्याभराचं पिलू उचलून आणतो. त्याचं हे शिक्षण तिथंच तुटतं. असं मांजर सफाईनं पकडतं, पण पुढं काय करायचं इथं अडखळतं.

मग घरातच का आणायचं? ती आपल्याला भेट देते, असं हौसेनं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मांजर शिकार तिथं नेते जिथं तिला सुरक्षित वाटतं, जिथं दुसरा बोका येऊन हिसकावणार नाही. ती जागा म्हणजे आपला हॉल किंवा आपल्या पलंगाखालचा कोपरा. त्या वेळचा तिचा आवाज ऐकलात का कधी? नेहमीचं म्यांव नव्हे. तोंड भरलेलं असतं, त्यामुळे घशातून एक घोगरा, लांब, दबलेला सूर येतो. मांजर पाळणाऱ्यानं तो आवाज ओळखायला शिकावं. तो गच्चीच्या जिन्यावरून आला तर दार लावायला अर्धं मिनिट मिळतं, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं.

आपल्याकडे घरात येणारं जनावर बहुधा तीनपैकी एक असतं. घरातला छोटा पिटुकला उंदीर, जुन्या घरांच्या कवेलूंवरून फिरणारा, अंगापेक्षा लांब शेपटीचा काळा उंदीर, तोही बहुतेक लहान वयाचा, आणि चिचुंद्री. चिचुंद्री ही उंदरांच्या गणातली नव्हेच, किडे खाणारा वेगळा प्राणी आहे. मांजर तिला धरते, पण तिच्या उग्र वासामुळे खात नाही, म्हणून ती पुष्कळदा जिवंत सुटते. धंतोली, सेमिनरी हिल्स, अंबाझरी अशा झाडीच्या भागात खारही येते. खार मात्र उंदरांच्याच गणातली. घुशीच्या वाटेला सहसा कोणतीच मांजर जात नाही. पुरी वाढलेली घूस अर्ध्या किलोच्या वर भरते आणि उलटून चावते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या कचरा केंद्रात झाला होता. तिथं मोठ्या उंदरांची वसाहत होती आणि मोकाट मांजरीही होत्या. ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिलं, तर मांजरींनी मारलेले उंदीर निघाले २. मांजर आली की उंदीर दडून बसायचे, एवढाच काय तो फरक. तेव्हा नालीतल्या घुशी मांजर संपवेल या भरवशावर कचरा उघडा टाकू नका.

मांजर आणि उंदीर हा विषय आपल्या भागाला नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांत-वऱ्हाडात प्लेगनं माणसं पटापट मरत होती. त्या काळी या प्रांतात सरकारी डॉक्टर असलेले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावागावांतल्या मांजरींकडे लक्ष दिलं. ज्या गावात घरोघरी मांजर आहे तिथं प्लेग कमी दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी ते मांडलं: प्लेग रोखायचा तर मांजरी पाळा. लस होती, पण लोक टोचून घ्यायला घाबरत. घर रिकामं करून शेतात झोपडी बांधून राहणं हाच मोठा उपाय होता. अशा वेळी एका सरकारी डॉक्टरनं आपल्या चुलीजवळ बसणाऱ्या मांजरीला आरोग्य खात्याच्या कामाला जोडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्या जनावराला आपण आज पोत्यात घालतो, त्याचं या प्रांतावर काही ऋण आहे.

पण ब्युकॅनन यांची गोष्ट सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्लेग मांजरीलाही होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरीमार्फत प्लेग झालेल्या २३ माणसांची नोंद आहे. रोगी उंदीर मांजरीनं घरात आणला की त्याच्या पिसवाही घरात येतात. आज नागपुरात प्लेगची भीती नाही, दुसऱ्या गोष्टींची आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. गवता-झुडपांत राहणाऱ्या आणि उंदरांच्या अंगावर पोसणाऱ्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्यानं हा ताप येतो. चावल्या जागी, काखेत, जांघेत, कमरेशी, काळी खपली धरते आणि ती दुखत नाही म्हणून नजरेतून सुटते. वेळेवर औषध मिळालं तर हा आजार बरा होतो. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसही पावसाळ्यातलाच. म्हणून सांगते, पावसाळ्यात घरात कुणाला जोराचा ताप आला आणि तुम्ही मेडिकल, मेयो अशा रुग्णालयांत किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात, तर आपली मांजर घरात उंदीर आणते हे आवर्जून सांगा. डॉक्टर आपणहून हे विचारतीलच असं नाही.

घरात गर्भवती बाई असली की मांजर हाकलण्याची घाई होते, ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या धास्तीनं. उंदीर खाल्ल्यानं तो मांजरीत जातो आणि तिच्या विष्ठेतून बाहेर पडतो, हे खरं. पण बाहेर पडल्यावर तो बाधण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. घाण रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केली, कच्चं मांस टाळलं, भाज्या नीट धुतल्या, तर मांजर आणि बाळ एका घरात सुखानं नांदतात.

आता तो आलमारीखालचा उंदीर. सगळ्यात आधी मांजरीला उचलून दुसऱ्या खोलीत कोंडा. ती समोर असेपर्यंत उंदीर हलणार नाही. मग ज्या खोलीत तो आहे तिचं आतलं दार लावा आणि दाराखालच्या फटीत जुनी चादर खुपसा. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा धावत नाही, भिंतीला अंग घासत पळतो. त्यामुळे हातभर लांब, मनगटाएवढा जाड प्लास्टिकचा पाइप घ्या, एका टोकाला कापड कोंबा आणि तो भिंतीला अगदी चिकटवून, उघडं तोंड आलमारीकडे करून ठेवा. दुसऱ्या बाजूनं झाडूच्या काडीनं हळूच ढोसा. अंधारं भोक दिसलं की तो आत शिरतो. तोंडावर पुठ्ठा धरायचा आणि पाइप उचलून परसात न्यायचा. हातात जाड मोजे हवेतच. नुसत्या हातानं शेपटी धरायला जाऊ नये. चावलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम भरपूर वेळ धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जखमी खार किंवा पक्षी असेल तर सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं न्या.

नंतरची साफसफाई करताना उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ उडते. साबणाच्या पाण्यानं भिजवून कागदानं उचला. आणि लगेच फिनाईलची बाटली काढू नका. फिनाईलमधली द्रव्यं मांजरीच्या यकृताला पचत नाहीत. ती ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि विष पोटात जातं. साबण आणि भरपूर पाणी पुरतं.

शिकार कमी कशी करावी, याचा एक चांगला प्रयोग इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठानं केला आणि २०२१ साली प्रसिद्ध केला. २१९ घरांतल्या ३५५ मांजरी पाहिल्या. आपल्याकडे मांजरीच्या गळ्यात घंटा बांधायची म्हण लहान पोरालाही ठाऊक असते. तर त्या प्रयोगात घंटेनं काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो खाण्यानं आणि खेळण्यानं. भरपूर मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं मांजरीशी दोरी-पिसाचा खेळ खेळल्यावर २५ टक्क्यांनी घटली. हे ऐकून मला आपल्याकडच्या दूध-पोळीची आठवण झाली. मांजर पक्की मांसाहारी आहे, आणि मोठ्या मांजरीला दूध नीट पचतही नाही. दूध-भातावर ठेवलेल्या मांजरीला शरीराला लागतं ते मिळत नाही, मग ती ते बाहेर शोधते. ज्या घरात मांस शिजत नाही तिथं बाजारातलं मांजरीचं तयार खाणं ठेवता येतं. संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, तिला खाऊ घालून घरात घ्या आणि रात्री बाहेर सोडू नका, कारण उंदीर रात्री फिरतात. न्हाणीच्या मोरीला जाळी लावा. उन्हाळा संपला की बंद कुलरचं गवत काढून टाका, त्यात उंदीर हमखास घर करतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तसं पाणी बिळांतही शिरतं. मग उंदीर कोरड्या जागेच्या शोधात वर येतात. अशा दिवसांत मांजर घरात असलेली बरी.

आता विषाबद्दल, कारण यात जीव जातो. उंदराच्या औषधाच्या ज्या वड्या दुकानात मिळतात, त्यांतल्या पुष्कळ वड्या रक्त गोठू देत नाहीत. अशी वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस मंद होऊन फिरतो, आणि असा उंदीर मांजरीला सहज सापडतो. मांजर सुस्त झाली, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून किंवा लघवीतून रक्त आलं, तर सकाळची वाट पाहू नका. जीवनसत्त्व के हा त्यावरचा उतारा आहे, पण तो पशुवैद्यानंच द्यायचा, आणि वेळेत. आपल्या शहरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं उपचार होतात. जाताना औषधाचं रिकामं पाकीट मिळालं तर सोबत न्या, त्यावरचं नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात. आणि ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनाही माझी विनंती आहे. वडी ठेवण्याआधी, चिकट पुठ्ठा लावण्याआधी, भिंतीपलीकडे एक हाक मारा, की आम्ही आज औषध ठेवतो आहोत, तुमची मनी दोन-चार दिवस घरात ठेवा.