तक्रार सध्या कोणाकडे आहे?

ग्राहक मदतकक्षाचे सॉफ्टवेअर, म्हणजेच हेल्पडेस्क, येणाऱ्या प्रत्येक तक्रारीला क्रमांक देते आणि ती निकाली निघेपर्यंत तिचा माग ठेवते. तक्रार ईमेलने येवो, फोनवरून येवो की चॅटमधून, आत शिरली की तिचे 'तिकीट' होते. तिकिटाबद्दल विचारण्यासारखे प्रश्न मोजकेच असतात. ते सध्या कोणाकडे आहे, किती वेळ पडून आहे आणि आता पुढे काय व्हायचे आहे? या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या सतत निघतात आणि त्यांचा गाजावाजाही भरपूर होतो. एखादी सुधारणा कामाची की नुसती शोभेची, हे ठरवायला हे साधे प्रश्न पुरतात.

या सॉफ्टवेअरचा जन्म टपालाच्या गोंधळातून झाला. एकाच ईमेल पत्त्यावर येणारी पत्रे चार-पाच जणांनी मिळून पाहायची, ही जुनी रीत. तिच्यात एका पत्राला दोघे उत्तर देत आणि दुसऱ्याला, 'त्याने दिले असेल' असे धरून, कोणीच देत नसे. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात 1996 मध्ये जेसी व्हिन्सेंट यांनी 'रिक्वेस्ट ट्रॅकर' लिहायला घेतले ते अशाच कामासाठी. 2001 मध्ये मार्टिन एडेनहोफर यांनी 'ओटीआरएस' सुरू केले आणि पुढे त्याभोवती जर्मनीत कंपनी उभी राहिली. दोन्ही पर्ल भाषेतली, दोन्ही मुक्त स्रोत.

ओटीआरएसचा एक मोठा वापर विकिपीडियाच्या वाचकांना नकळत ओळखीचा आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने ही प्रणाली 2004 पासून वापरली. छायाचित्रकाराने आपले छायाचित्र वापरायला ईमेलने परवानगी दिली की त्या पत्राचे तिकीट होते आणि तिकिटाचा क्रमांक छायाचित्राच्या पानावर लागतो. क्रमांक 16 आकडी. पहिले 8 आकडे तारखेचे, पुढचे 2 प्रणालीचे, त्यानंतरचे 5 त्या दिवसातल्या अनुक्रमाचे आणि शेवटचा एक पडताळणीचा. फोनवर क्रमांक सांगताना एखादा आकडा चुकला तर बहुधा शेवटच्या आकड्याचा मेळ बसत नाही आणि चूक कळू शकते. मराठी विकिपीडियावरील लेखांत दिसणाऱ्या काही चित्रांमागेही अशीच तिकिटे आहेत.

2007 मध्ये कोपनहेगनमध्ये 'झेनडेस्क' सुरू झाले आणि 2010 मध्ये चेन्नईत गिरीश मातृभूतम व शान कृष्णसामी यांनी 'फ्रेशडेस्क' काढले. ही मंडळी सॉफ्टवेअर विकत नव्हती, भाड्याने देत होती. ब्राउझर उघडायचा आणि माणशी महिन्याचे पैसे भरायचे. अपडेटचा सगळा व्यवहार यामुळे बदलला. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल कधी करायचा हे मुख्यतः कंपनी ठरवते. सकाळी कामावर आलेल्या एजंटला, म्हणजे तक्रारी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला, 'बंद करा' हे बटण उजवीकडून डावीकडे गेलेले दिसते आणि पहिले दोन तास चुकीच्या जागी क्लिक करण्यात जातात. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती कधी घ्यायची हे संस्थेच्या हाती असते. त्या सवलतीचा गैरफायदाही घेतला जातो, सुरक्षेच्या दुरुस्त्या महिनोन्महिने बसवल्याच जात नाहीत.

हेल्पडेस्कमध्ये वारंवार दुरुस्त्या कुठे लागतात, तर ईमेल वाचण्यात. बाहेरून हे काम क्षुल्लक वाटते. ग्राहकाचे दुसरे पत्र पहिल्याच तिकिटाला जोडायचे असते, नाहीतर एका बिघाडाची पाच तिकिटे होऊन ती पाच जणांकडे जातात. त्यासाठी प्रत्येक ईमेलच्या शीर्षभागात दडलेला ओळखक्रमांक आणि 'हे कोणत्या पत्राचे उत्तर' ही नोंद तपासली जाते. ती नोंद वाटेत गळली तर विषयाच्या ओळीतला तिकीट क्रमांक उपयोगी पडतो. ग्राहकाने विषयही बदलला तर तीही खूण फसते, आणि तीन महिन्यांपूर्वीचे पत्र उघडून त्यावरच नवी तक्रार लिहिली तर दोन्ही खुणा चुकीच्या तिकिटाकडे नेतात. म्हणूनच तिकिटे एकत्र करणे आणि एकाची दोन करणे ही साधी बटणे प्रत्यक्ष कामात कोणत्याही झगमगीत फीचरपेक्षा जास्त दाबली जातात.

आपोआप जाणाऱ्या उत्तरांचा घोळ आणखी वेगळा. हेल्पडेस्क ग्राहकाला 'आपली तक्रार मिळाली' असे कळवते. ग्राहक रजेवर असतो आणि त्याची मेलपेटी 'मी सोमवारी परतेन' असे उलट कळवते. त्या निरोपाचे नवे तिकीट होते, त्याचीही पोच जाते, तिलाही रजेचे उत्तर येते. दोन यंत्रे रात्रभर एकमेकांना नम्रपणे पत्रे लिहीत बसतात आणि सकाळी शेकडो तिकिटे उभी असतात. हे टाळण्यासाठी आपोआप निघालेल्या पत्रावर तशी खूण असावी, असा इंटरनेटचा संकेत 2004 मध्ये लेखी ठरला. तरी ही खूण न लावणाऱ्या मेलव्यवस्था आजही भेटतात. त्यामुळे ठराविक वेळात एकाच पत्त्यावर किती पोचपावत्या जाव्यात, याला बहुतेक हेल्पडेस्क मर्यादा घालतात.

घड्याळाचा भाग हिशेबाचा आहे. पहिले उत्तर इतक्या तासांत, निराकरण इतक्या दिवसांत, या कराराला 'एसएलए' म्हणतात. हे तास कामाचे मोजायचे असतात. दोन तासांत उत्तर देण्याचा करार आहे, कार्यालय सोमवार ते शुक्रवार 10 ते 6 चालते आणि तक्रार शुक्रवारी साडेपाचला आली. शुक्रवारचा अर्धा तास धरला जातो, उरलेला दीड तास सोमवारी 10 पासून, म्हणजे मुदत सोमवारी साडेअकराला संपते. त्या सोमवारी गणेश चतुर्थी असेल तर मंगळवारी साडेअकराला. सुट्ट्यांची यादी भरायला कोणी विसरले, तर सणाच्या दिवशी सगळी तिकिटे लाल होतात आणि वरिष्ठांच्या फोनवर इशाऱ्यांची रांग लागते. पुण्यात बसून अमेरिकेच्या ग्राहकांना मदत करणाऱ्या पथकासाठी एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन पंचांगे ठेवावी लागतात. ग्राहकाकडून माहिती यायची बाकी असताना घड्याळ थांबवायचे की नाही, यावर तर बैठकाच्या बैठका होतात. थांबवण्याची सोय दिली की मुदत जवळ आलेले तिकीट 'ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा' या खान्यात सरकवण्याची युक्ती एजंटांना आठवडाभरात सापडते.

एडेनहोफर यांनी ओटीआरएस सोडल्यावर 'झॅमॅड' हे नवे हेल्पडेस्क उभे केले. 2016 मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. या वेळी भाषा रुबी होती आणि मुक्त स्रोत परवाना कायम राहिला. मूळ कोड एका कंपनीच्या नावावर न ठेवता प्रतिष्ठानाकडे ठेवला गेला. झॅमॅडमध्ये एक तिकीट दोघांनी उघडले की दोघांनाही एकमेकांचे चित्र पडद्यावर दिसते आणि कोणी उत्तर लिहीत असेल तर तेही कळते. सामायिक मेलपेटीचा मूळ रोग इथे बऱ्यापैकी आटोक्यात येतो.

कोडच्या मालकीचा मुद्दा किती महत्त्वाचा, हे 2020 च्या अखेरीस ओटीआरएसच्या वापरकर्त्यांना कळले. कंपनीने मोफत सामुदायिक आवृत्तीचे पोषण थांबवले. जगभर बसवलेल्या प्रणाली एका रात्रीत बंद पडल्या नाहीत, पण त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा झरा आटला. कोड मुक्त असल्यामुळे इतरांनी तो उचलला. त्यातून 'झ्नूनी' आणि 'ओटोबो' या शाखा चालू राहिल्या आणि विकिमीडियाही झ्नूनीवर गेले. भाड्याच्या सॉफ्टवेअरची कंपनी अशी थांबली तर ग्राहकाच्या हाती उरते ती फक्त माहितीची निर्यात, तीही वेळेत घेतली तर.

झॅमॅडच्या अलीकडच्या आवृत्त्या पाहिल्या तर विकासाचे काम कसे चालते याचा चांगला अंदाज येतो. 2024 मध्ये व्हॉट्सॲपची जोडणी आली. भारतातील छोट्या दुकानदारापासून मोठ्या बँकेपर्यंत सगळे याच माध्यमावर आहेत, त्यामुळे तिची गरज उघड आहे. पण व्हॉट्सॲपचा नियम असा की ग्राहकाच्या शेवटच्या निरोपानंतर 24 तासांपर्यंतच कंपनीला मोकळेपणाने उत्तर देता येते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच मजकूर पाठवावा लागतो. एसएलएचे घड्याळ रविवारी थांबते, व्हॉट्सॲपचे थांबत नाही. शनिवारी दुपारी आलेला निरोप सोमवारी सकाळी पाहणाऱ्या एजंटने कराराची मुदत पाळलेली असते आणि तरीही उत्तराची खिडकी बंद झालेली असते.

दुसरे काम ग्राहकाला दिसतही नाही. झॅमॅडचा मूळ पडदा 'कॉफीस्क्रिप्ट' या आता मागे पडलेल्या भाषेत लिहिलेला होता. तो 'व्ह्यू' या नव्या चौकटीत पुन्हा बांधायला घेतला गेला, तोही जुना चालू ठेवून, शेजारी-शेजारी. आधी मोबाइलसाठी, मग संगणकासाठी. त्याचबरोबर काही गोष्टी काढूनही टाकल्या जातात. सातव्या आवृत्तीपासून मायएसक्यूएल या डेटाबेसवर झॅमॅड चालणार नाही, पोस्टग्रेएसक्यूएलच लागेल, हे आधीपासून सांगितले गेले. अपडेटच्या टिपणात सर्वांत आधी वाचावा असा भाग हाच, काय काढले तो. नवीन काय आले हे कोणीतरी सांगतेच. काय गेले हे मात्र सर्व्हर सुरू होत नाही तेव्हा कळते.

मराठीच्या दृष्टीने एक उणीव ठळक आहे. झॅमॅडसह अनेक हेल्पडेस्क जुनी तिकिटे शोधायला 'इलास्टिकसर्च' वापरतात. त्यात शब्दाचे मूळ रूप ओळखणारी विश्लेषके हिंदी आणि बंगालीसाठी तयार मिळतात, मराठीसाठी मिळत नाहीत. 'पैसे' असे शोधले तर 'पैशांचा परतावा मिळाला नाही' हे तिकीट साध्या शोधात निसटते. त्यात अनेक ग्राहक मराठी रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितात. त्यामुळे तीच तक्रार महिन्यापूर्वी कोणी सोडवली होती हे कळत नाही आणि तोच शोध पहिल्यापासून सुरू होतो. नव्या पद्धतीचा अर्थावर चालणारा शोध ही अडचण बरीच कमी करू शकतो. सध्या येऊ घातलेल्या सुविधांपैकी मराठी मदतकक्षांना सर्वात जास्त उपयोग याचाच आहे. जाहिरातीत मात्र तो सर्वात खाली असतो.

जाहिरातीत सर्वात वर असते ती कृत्रिम बुद्धिमत्ता. तिची कामे दोन जातींची. पहिल्या जातीत लांबलचक तिकिटाचा सारांश काढणे, उत्तराचा कच्चा मसुदा लिहिणे, तक्रार योग्य गटाकडे पाठवणे. यात शेवटचा हात माणसाचा असतो. चाळीस पत्रांचे तिकीट दुसऱ्या पाळीच्या एजंटकडे जाते तेव्हा चार ओळींचा चांगला सारांश खरोखर वेळ वाचवतो. सारांशात ग्राहकाला दिलेले वचन सुटले, तर तोच सारांश महागात पडतो.

दुसऱ्या जातीत यंत्र थेट ग्राहकाला उत्तर देते. इंटरकॉम कंपनीने मार्च 2023 मध्ये 'फिन' जाहीर केले आणि माणशी भाड्याऐवजी सुटलेल्या प्रत्येक तक्रारीमागे 99 सेंट असा दर ठेवला. पुढच्या वर्षी झेनडेस्कनेही निकालानुसार पैसे घेण्याची पद्धत जाहीर केली. मग तक्रार सुटली हे ठरवायचे कसे, हा थेट पैशांचा प्रश्न झाला. इंटरकॉमच्या व्याख्येत ग्राहकाने उत्तर पटल्याचे सांगितले तर ते निराकरण आहेच. यंत्राच्या शेवटच्या उत्तरानंतर आणखी मदत न मागता ग्राहक निघून गेला, तरीही ते निराकरणच. वैतागून चॅट सोडणारा माणूसही या हिशेबात समाधानी ठरू शकतो. अशी सुविधा घेणाऱ्या संस्थेने त्याच ग्राहकाची आठवडाभरात त्याच कारणाने आलेली तिकिटे वेगळी मोजून पाहावीत.

चुकीच्या उत्तराची जबाबदारी कोणाची, याचा एक निकाल फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडात लागला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले की नातलगाच्या मृत्यूनिमित्तची सवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेटाळला आणि कंपनीला खर्चासह सुमारे 812 कॅनडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ होती. पण तेव्हापासून यंत्राने उत्तर कोणत्या लेखाच्या आधारे दिले हे तिकिटातच नोंदवण्याची मागणी आणखी रास्त ठरते.

उरतो तो माहिती पुसण्याचा मुद्दा. तिकिटांत लोक आधार कार्डाचे फोटो, बँकेची विवरणपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या बिनदिक्कत जोडतात. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होत आहेत. ग्राहकाची नोंद त्याच्या तिकिटांसह पुसण्याची सोय झॅमॅडमध्ये आहे आणि इतर प्रमुख हेल्पडेस्कमध्येही ती या ना त्या रूपात मिळते. पण तिकीट पुसले तरी त्याचा यंत्राने काढलेला सारांश, शोधासाठी तयार केलेली अनुक्रमणिका आणि बाहेरच्या सेवेकडे पाठवलेला मजकूर आपोआप पुसला जातोच असे नाही. हेल्पडेस्क निवडताना या चारही ठिकाणची माहिती पुसली जाईल, हे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे लागते.