गिरणगांव, कापूस आणि परदेशचा बाजार

(लालबाग येथें निरनिराळ्या जिल्ह्यांतील गिरणीकामगार व त्यांचीं मुलेंबाळें यांच्या बैठकींत दिलेलें भाषण.)



परदेशाशीं चालणाऱ्या व्यापाराचा विषय निघाला कीं आपलीं माणसें उठून जातात. हुंडणावळ, जकात, करार हे शब्द शेटजींचे आणि वकिलांचे. आपला संबंध भाकरीशीं, असें आपण धरून चालतों. आम्ही खेड्यांत मुलांना त्रैराशिक शिकवितों, अर्थशास्त्राची पदवी आमच्यापाशीं नाहीं. परंतु ज्या लालबागेंत आपण आज बसलों आहों, तेथें तुमच्या आजोबाला मजुरी किती मिळाली आणि खानदेशांतल्या, वऱ्हाडांतल्या कुणब्याला कापसाचा भाव किती मिळाला, हें शांघाय, ओसाका आणि मँचेस्टर येथें कितीदां ठरलें, तें हिशेबानें दाखवितां येतें. तेवढेंच आज करावयाचें आहे.

मुंबईंत कापसाची पहिली गिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढून उभारली. ताडदेवला ती १८५६ सालीं चालूं झाली. पुढें पांचच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी माजली. १८६१ ते १८६५ तेथला कापूस लँकेशायरला जाईना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईंत समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचे भाव आभाळाला भिडले. १८६५ सालीं लढाई थांबली आणि सगळें कोसळलें. शेटजींचीं दिवाळीं इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. कुणब्याचें काय झालें? चढत्या भावावर काढलेलें कर्ज उतरत्या भावांत फेडावयाचें, आणि त्यांत सरकारनें सारा वाढविलेला. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्याच्या बाजारीं कुणब्यांनीं सावकारांचीं खतपत्रें जाळलीं, त्यामागें या मंदीचाही हात होता. दूरदेशीं कोण लढतो आणि दिवा कोणाच्या घरचा विझतो, पाहा.

आतां गिरणीच्या दाराशीं येऊं. तेथें रोज सकाळीं मजुरीचा बाजार भरे. भोंगा होण्याआधीं बदलीवाले दाराशीं उभे राहात. आंत कोणाचा खाडा पडला असेल त्याच्या जागीं मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील तो आंत जाई. बाकीचे चाळींत परत. मुकादमाला दस्तुरी द्यावी लागे, बायांच्या खात्यांत नाईकिणीला. मुकादम बहुधा आपल्याच बाजूचा, पुष्कळदां आपल्याच गांवचा. खोली तोच बघून देई, खानावळीला जामीन तोच राही, अडीनडीला व्याजानें पैसाही तोच देई. म्हणून लोक त्याला शिव्याही देत आणि सणाला त्याच्या पायांही पडत.

ही पद्धत मुकादमाच्या लोभानें पडली असें सांगतात तें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. मालाला मागणी केव्हां येईल आणि केव्हां बसेल हें गिरणीमालकाच्या हातीं नव्हतें. तेव्हां माणसें दाराशीं नेहमीं जास्त असावीं आणि खप बसला कीं खर्चावांचून तीं सोडतां यावीं, ही त्याची सोय होती. सुटलेला माणूस जाई कोठें? रत्नागिरीला, साताऱ्याला, कोल्हापूरला, आपल्या घरीं. तेथें बायको आणि भाऊ जी चार पायल्या नाचणी-जोंधळा पिकवीत, त्यांत तो वांटेकरी होई. गिरणीच्या मंदीचा खर्च गिरणीच्या वहींत न पडतां आपल्या कणगींतून गेला. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईच्या दर शंभर माणसांत ८४ मुंबईबाहेर जन्मलेलीं निघालीं. हें शहर गांवांनीं पोसलें असें म्हटलें तर त्यांत बढाई नाहीं. मुंबईची मनिऑर्डर कोंकणांत जाई हें सर्वांस ठाऊक आहे. गांवाहून मुंबईस काय आलें त्याची पावती मात्र कोणी फाडली नाहीं.

आणखी एक गोष्ट याच दाराची. साचेखात्यांत मजुरी अधिक, पण तेथें अस्पृश्य मानलेल्या बंधूंना शिरकाव नसे. धोट्यांतला धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब. ती सबब शेटजींची नव्हती, शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांची होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढें मांडला. ज्यांनीं वरच्या जातींकडे बरोबरीचा हक्क मागितला त्यांनीं खालच्या खात्याचें दार लावून ठेवावें, हें आम्हांस तेव्हांच्या पुढाऱ्यांइतकेंच आजही लाजिरवाणें वाटतें.

आतां चीनकडे वळूं. १८६९ त सुवेझचा कालवा खुला झाला, विलायतचा मार्ग जवळ आला. पण मुंबईच्या गिरण्यांची खरी पेठ चीन ही होती. तेथल्या विणकरांना मुंबईचें जाडें सूत लागे. १८७० नंतरचीं वीसेक वर्षें परळ, चिंचपोकळी, भायखळा येथें धुरांडीं उभीं राहिलीं तीं पुष्कळशीं या सुतावर. मग १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी चांदीला बंद केल्या. ही गोष्ट समजून घ्या, अवघड नाहीं. चीनचा व्यापारी सुताची किंमत चांदींत देई. टांकसाळ उघडी असतां ती चांदी नेऊन टाकली कीं तितक्या वजनाचे रुपये पडत. टांकसाळ बंद झाली, रुपया आंतल्या चांदीहून महाग झाला. समजा पूर्वीं एका गांठीला १०० रुपये पडत होते, तर आतां तेवढ्याच चांदीचे ८० पडूं लागले. शेटजीला मजुरी, भाडें, सारें रुपयांतच द्यावयाचें; तेव्हां तूट भरून निघावयाची ती मजुराच्या पगारांतून किंवा चीनच्या गिऱ्हाइकावर दर चढवून. दर चढविला तर जपान बसलेलाच होता. जपानचें नाणें १८९७ पर्यंत चांदीचेंच, त्याला ही अडचण नव्हती. त्यानें १८९४ सालीं सुताच्या निर्यातीवरची जकात काढली, १८९६ सालीं परदेशी कापसावरची काढली. आणि १८९३ सालींच जपानी आगबोट कंपनीनें मुंबईशीं नियमित फेरी सुरू केली होती. त्या आगबोटींतून जाई तो आमचाच कापूस. आपला कापूस नेऊन, त्याचें सूत काढून, आपल्याच गिऱ्हाइकाला विकून जपाननें आपल्या मुलांच्या तोंडचा घांस नेला. आणि यांत कापूस विकणाऱ्या कुणब्याचा तोटा नव्हता, उलट एक गिऱ्हाईक वाढलें होतें! ही गांठ ध्यानांत ठेवा, पुढें पुन्हां येणार आहे.

त्याच सुमारास, १८९६ च्या सप्टेंबरांत, मांडवीला प्लेग आला. माणसें जीव घेऊन गांवीं पळालीं आणि दाराशींचा बाजार उलटा फिरला. मजूर मिळेना, तेव्हां मालक रोजची मजुरी रोज चुकती करूं लागले, एकमेकांचीं माणसें ओढूं लागले. मजूर कमी झाला कीं त्याची किंमत कळते. त्यासाठीं मरी यावी लागली.

या प्लेगांतच १८९७ च्या फेब्रुवारींत नारायण मेघाजी लोखंडे वारले. त्यांचें नांव या पेठेंत नवें नाहीं, तरी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ त काढलेलें 'दीनबंधु' लोखंड्यांनीं मुंबईंत चालविलें, आणि १८८४ सालीं गिरणीकामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या: रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. त्या काळच्या कित्येक देशाभिमानी पत्रांचा आक्षेप असा कीं, कारखान्यांचा कायदा म्हणजे मँचेस्टरवाल्यांचा कावा. हिंदी गिरण्यांचे तास कमी करून त्यांना आपलें कापड खपवावयाचें आहे. मँचेस्टरचा स्वार्थ होता हें खरें आहे. पण म्हणून बारा-चौदा तास उभ्या राहिलेल्या बाईचे पाय दुखत नव्हते काय? दोन सावकार भांडत असतां त्यांतल्या एकानें खरी गोष्ट सांगितली, तर ती खरीच राहते. लोखंड्यांनीं देशाच्या नांवाखालीं मागणी दडपूं दिली नाहीं, आणि १८९० च्या जून महिन्यांत मालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. आजही निर्यात टिकविण्याकरितां कामगार-कायदे सैल करा असें कोणी म्हटलें कीं आम्हांस हा जुना वाद आठवतो.

जकातीची गोष्ट थोडक्यांत. १८९६ सालीं सरकारनें विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेविली आणि लँकेशायरचें मन राखण्याकरितां हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर बसविला. तीस वर्षें हा कर गिरण्यांच्या मानेवर होता. १९२५ सालीं मालकांनीं मंदीची सबब सांगून पगार साडेअकरा टक्के कापला. सुमारें दीड लाख माणसें बाहेर पडलीं; सप्टेंबर ते डिसेंबर गिरणगांव उपाशी राहिला. डिसेंबरांत सरकारनें कर तहकूब केला, मालकांनीं कपात मागें घेतली. शेटजींना जो कर अर्ज-विनंत्यांनीं उठवितां आला नव्हता, तो मजुरांच्या रिकाम्या पोटानें उठविला. उरलेला नफा मात्र वांटतांना कोणी मजुराला बोलाविलें नाहीं.

पुढें तीनच वर्षांनीं दोन साचे चालविणाऱ्यानें तीन चालवावे असा घाट घातला गेला. कारण सांगितलें, जपान. तेथें १९२९ पर्यंत बायकांना रात्रपाळीला लावीत. १९२८ चा संप सहा महिने चालला. त्याचा इतिहास तुम्हीं वडिलांच्या तोंडून ऐकला आहे, तो येथें सांगत नाहीं.

सांगावयाचें आहे तें १९३३-३४ चें. जपानी कापडावर सरकारनें १९३३ सालीं जकात ७५ टक्क्यांवर नेली. गिरणगांवास वाटलें, आतां भोंगा टिकेल. जपाननें उत्तर दिलें: तुमचा कापूस आम्हांस नको. जपान घेई तो आखूड धाग्याचा स्वस्त माल, व्यापारी त्यास 'उमरा' म्हणत, उमरावतीवरून. म्हणजे मार पडला तो वऱ्हाड-खानदेशच्या कुणब्याच्या पाठीवर. शेवटीं १९३४ सालीं करार झाला. जपाननें आपला दहा लाख गांठी कापूस घ्यावा, त्यास ३२ कोटी ५० लाख यार्ड कापड येथें आणूं द्यावें; पंधरा लाख गांठी घेतल्या तर ४० कोटी यार्ड. वाचलेंत? कुणब्याची गांठ एका पारड्यांत, साचेवाल्याचा पगार दुसऱ्यांत. एक वर जाई तेव्हां दुसरें खालीं. त्याच वर्षीं एप्रिलांत पगारकपातीवरून गिरण्यांत पुन्हां संप झाला. गिरणीच्या युनियननें कापसाचा भाव विचारला नाहीं, शेतकऱ्याच्या परिषदेनें साचेवाल्याचा पगार विचारला नाहीं. एकाच मायबापांचीं लेंकरें असतां दोघांनीं वेगवेगळीं निवेदनें लिहिलीं. आमच्या मतें त्या दशकांतली सर्वांत मोठी चूक ही.

१९८२ चा विषय टाळतां येत नाहीं, पण लांबवीत नाहीं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखालीं सुमारें अडीच लाख माणसें बाहेर पडलीं. तो संप रीतसर मागें घेतला असें आजवर कोणीं जाहीर केलेलें नाहीं. त्या वेळीं मारक स्पर्धा ओसाकाची नव्हती, भिवंडी, मालेगांव, इचलकरंजीच्या यंत्रमागांची होती. तेथेंही आपलींच माणसें, कमी मजुरीवर, कायद्याच्या सावलीबाहेर. मग १९९१ च्या नियमानें गिरणीची जमीन विकण्याची वाट निघाली, २००१ त तो नियम बदलला आणि कामगारांच्या घरांचा वांटा आक्रसला. फिनिक्स गिरणी होती तेथें आज मोठें दुकानघर आहे. सूत विकून जें मिळेना तें भुई विकून मिळालें.

आतां अलीकडची गोष्ट. १९ ऑगस्ट २०२५ रोजीं केंद्र सरकारनें परदेशी कापसावरची ११ टक्के जकात उठविली, आधीं ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच महिन्याच्या २७ तारखेस अमेरिकेनें आपल्या देशाच्या पुष्कळ मालावर एकूण ५० टक्के जकात चालूं केली. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना कापूस स्वस्त पडावा म्हणून आपली जकात गेली, असें कारण सांगण्यांत आलें. कारखान्यांत शिवणकाम करणारी मुलगी कामावर राहावी हें आम्हांसही हवें आहे. पण ऑक्टोबरांत वेंचणी सुरू होते, आणि नवा कापूस बाजारांत येण्याच्या ऐन वेळीं परदेशी गांठींना दार मोकळें झालें. सरकारनें लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलास ८,११० रुपये हमीभाव बांधला होता. कॉटन कॉर्पोरेशनच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत ज्याला दम धरतां येतो त्यालाच तो भाव, बाकीच्यानें व्यापाऱ्याच्या दारांत गाडी सोडावयाची. १९३४ चें पारडें तेंच आहे. कपडा विकला जावा म्हणून कापूस उतरवावयाचा, हें ठरवितांना शिवणारीचा पगार वाढेल असें कोठेंही लिहून घेतलें नाहीं.

म्हणून आमची एक विनंती. ज्यांच्या घरीं आजोबाचें गिरणीचें तिकीट, पगाराची पावती, फंडाचा कागद असेल त्यांनीं तो काढून ठेवावा. घरांच्या अर्जाला असले पुरावे लागतात, आणि दीड लाखांवर अर्ज पडले आहेत. त्याच्याशेजारीं गांवच्या भावाची यंदाची कापूसपट्टी किंवा धान्याची पट्टी ठेवावी. दोन्ही कागदांवरचे आंकडे साल घालून एका वहींत उतरवून द्यावे; तक्ता आम्ही करूं आणि या पत्राकडे पाठवूं. पुढील रविवारपर्यंत आमचा मुक्काम याच चाळींत, दुसऱ्या मजल्यावर आहे. रात्रीं नऊनंतर केव्हांही या. वेळ पुष्कळ झाला, बायांना पाणी भरावयाचें आहे, रजा घेतों.