खुलं, पण हात लावू नका

(विलेपार्ले येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो आणि रात्री मोबाइल खोलतो. तिन्ही धंद्यांत बोटं सोलतात. मी इंजिनियर नाही, त्यामुळे मोठमोठे शब्द माझ्याकडून मिळणार नाहीत. ओपन सोर्स हा एकच शब्द घेऊन आलोय आणि त्याचंही सालपट काढणार आहे.

आधी हजेरीचं सांगतो. गेल्या साली मुकादमाने फर्मान काढलं, हजेरी ॲपवर लागेल. माझा फोन सहा वर्षांचा, तोही सेकंडहँड. त्यातलं अँड्रॉइड जुनं, ॲप त्यावर चढेचना. तीन दिवस पाठीवर गोणी वाहिल्या आणि कागदोपत्री मी गैरहजर. मुकादम म्हणाला, नवा फोन घे. अरे, कशाला घेऊ? फोन धड होता. काचेला तडा नाही, आवाज खणखणीत, बॅटरी मीच लॅमिंग्टन रोडवरून आणून बदललेली. कंपनीने त्याला नवं अँड्रॉइड देणं बंद केलं होतं, बस. धडधाकट गड्याला एका सहीने म्हातारा ठरवून घरी बसवावं, तसं.

आता गंमत बघा. अँड्रॉइडचा मूळ कोड २००८ सालापासून जगाला खुला आहे. त्याच्या पोटात लिनक्सचं कर्नल. कर्नल म्हणजे फोनचा मुकादम. कुठल्या ॲपला किती मेमरी, कुठला चिप कधी जागा करायचा, सगळं तो ठरवतो. लिनस टॉरवाल्ड्सने ते १९९१ साली लिहिलं आणि पुढच्या वर्षी जीपीएल या परवान्याखाली आणलं. हा परवाना रिचर्ड स्टॉलमनचा. अट सरळ आहे : वापरा, वाचा, बदला, वाटा, पण वाटलंत तर त्याचा कोडही द्या. म्हणजे माझ्या फोनातल्या कर्नलचा कोड कंपनीकडे मागायचा मला हक्क आहे. मला, गोदीतल्या हमालाला!

मग बदललेला कोड फोनात भरायला गेलो तर फोन म्हणतो, चालता हो. बूटलोडरला कुलूप. बूटलोडर म्हणजे फोन चालू करताच सगळ्यात आधी जागा होणारा दरवान. कंपनीची सही नसलेला कोड तो आत घेत नाही. कोड खुला, दार बंद.

ओळखीचं वाटतंय ना? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने ठराव केला, चवदार तळं खुलं. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा कुठे त्या पाण्याला आपला हात लागला. कुणी म्हणेल, पाण्याची आणि मोबाइलची बरोबरी करतोस काय? नाही करत. पाण्यावाचून माणूस मरतो, ॲपवाचून रोज बुडतो, हा फरक मला कळतो. पण खुलं जाहीर करायचं आणि हात लावू द्यायचा नाही, ही रीत जुनी आहे. ती मला अंधारातही ओळखू येते.

ही पळवाट स्टॉलमनच्या लोकांनाही दिसली. २००७ साली त्यांनी जीपीएलची तिसरी आवृत्ती काढली : लोकांना वापरायचं यंत्र विकलंत, तर त्यातला कोड बदलून त्याच यंत्रावर चालवायची सोयही द्या. टॉरवाल्ड्सने ती घेतली नाही, कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. त्याचं म्हणणं, मला फक्त कोड परत हवा, यंत्रावर माझा हुकूम नको. त्याला परवडतं. आमची तीन दिवसांची हजेरी गेली.

काही कंपन्या चावी देतात. माझ्या फोनची मिळाली. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं, अनलॉकची परवानगी चालू केली, शेजारच्या पोराच्या लॅपटॉपला केबल जोडली आणि लिनिएजओएस चढवलं. हे लिनिएज कसं आलं, तेही ऐका. २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड बंद पडलं. कोड खुला होता म्हणून लोकांनी तोच उचलून पुढे चालवला. मालक पळाला तरी गिरणी चालू! आपल्या बापांना हे कधी जमू दिलं कुणी?

हजेरी लागली. पण खोटं बोलणार नाही. कुलूप काढलं की फोन पार कोरा होतो. माझ्या चाळीसेक कविता त्यात गेल्या, कॉपी काढली नव्हती. आणि कुलूप काढलेला फोन दिसताच बँकेचं ॲप उघडेना. अजून उघडत नाही. पगार काढायला रांगेत उभा राहतो.

कविता आठवून आठवून पुन्हा टाइप करायला बसलो, तेव्हा अक्षरांकडे लक्ष गेलं. इथून जवळच, जुहूला, एनसीएसटी ही सरकारी संस्था होती, पुढे ती सी-डॅकमध्ये गेली. तिथे र. कृ. जोशी देवनागरी अक्षरं घडवत. माणूस कवीही होता. २००८ साली गेला. त्यांचा ‘मंगल’ फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर घरोघरी पोचला आणि ‘रघू’ जीपीएलखाली खुला झाला. हात एकच. पण मंगलची वेलांटी मायक्रोसॉफ्टची. रघूची वेलांटी मला आवडली नाही तर मी वाकवीन, तुम्हाला देईन, कुणाच्या बापाला विचारणार नाही.

आपल्यातले काही विद्वान म्हणतात, चळवळीत स्क्रूड्रायव्हरचं काय काम? फोनवर घोषणा पाठवल्या की त्यांची क्रांती झाली. सायक्लोस्टाइलचं हँडल मारून बोटं काळी केलेल्यांना विचारा. मशीन अडलं तर ते स्वतः खोलत होते, म्हणून अंक निघत होते.

सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. चांगलं झालं. पण पोर्टल पाठीमागचं झाकण उघडून देत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी इथेच बसू. घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, चिमटा मी आणतो. झाकणाचा गोंद ढिला करायला कुणाकडे केस वाळवायचं मशीन असेल तर आणा. चार्ज होत नाही म्हणून फोन फेकू नका, बंद करून पोर्टमधला खिशातला भुसा लाकडी काडीने हळूच काढा, बऱ्याचदा तेवढंच असतं. फुगलेल्या बॅटरीला मात्र टोकदार काही लावायचं नाही, ती पेटते. कुलूप काढायचं असेल त्याने आधी बँकेचा विचार करावा. आणि फोटो, नंबर, कविता, जे असेल त्याची कॉपी शनिवारी रात्रीच काढून ठेवा.